पत्ता न दिलेला दिवा

रविवारी दुपारी ते रंगमंचावर वारले. संध्याकाळी प्रयोग झाला. दिवे त्यांनीच लावले होते.

त्या दिवसाबद्दल कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. ऐकणारा पहिल्या वाक्याला हळहळतो, दुसऱ्याला दचकतो, आणि तिसरं त्याला नीटसं कळत नाही. त्याचा दोष नाही. मी तिथे होते, आणि मलाही ते कळायला बराच काळ गेला.

आमची एक हौशी नाट्यसंस्था होती. मी कॉलेजात ग्रंथपाल आणि संस्थेत प्रॉम्प्टर. विंगेत बसून दुसऱ्यांची वाक्यं हळू आवाजात म्हणायची, हे काम माझ्या स्वभावाला मानवणारं होतं. ते बँकेत अधिकारी होते आणि संस्थेत प्रकाशयोजनाकार. हा शब्द त्यांना खपत नसे. "योजना पंचवार्षिक असते," ते म्हणायचे. "मी दिवे लावतो." पण 'लाईट' म्हटलेलंही चालायचं नाही. "लाईटचं बिल येतं. रंगमंचावर दिवा असतो."

उजेडाच्या बाबतीत हा माणूस विलक्षण त्रासदायक होता. हॉटेलात गेलो की बसायच्या आधी टेबल सरकवायचे. वेटर 'काका, टेबल तिथेच राहू द्या' म्हणाला तर विचारायचे, "डोसा मला दिसायला हवा की तुला?" एकदा एका सभासदाच्या घरी चहाला गेले असताना चहा येईपर्यंत ते खुर्चीवर उभे राहून दिव्याची शेड फिरवत होते. फिरवता फिरवता यजमानांना म्हणाले, "मुलीला बघायला येतात आणि पुढे कळवत नाहीत, असं होतं ना? तिला या दिव्याखाली बसवू नका. डोळ्यांखाली खड्डे पडतात." यजमानांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुढे त्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा यांनी सगळ्या संस्थेला ते स्वतःचं यश म्हणून सांगितलं.

स्वतःच्या घरात त्यांनी ट्यूबलाईट येऊ दिली नव्हती. "ट्यूबखाली जिवंत माणूस मेल्यासारखा दिसतो," असं त्यांचं म्हणणं. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्याकडे संध्याकाळची मेथी निवडायला शेजारी जावं लागतं. तिथे मी मेल्यासारखी दिसते, पण मेथी दिसते." बोलण्यात दोघं एकमेकांना पुरून उरणारी होती. त्यांचा संसार कसा चालला असेल असं आम्हाला वाटे. आता वाटतं, तो त्या बोलण्यावरच चालला असावा.

वायरी बांधायला ते चिकटपट्टी वापरत नसत. चिकटपट्टी काढली की वायरीला चिकटा राहतो, आणि चिकट वायर हातात घेणं त्यांना किळसवाणं वाटे. ते परकराच्या नाड्या वापरत. तुळशीबागेत जाऊन स्वतः निवडून आणत, ओढून ताण बघत. एका दुकानदाराने विचारलं, "वहिनींसाठी का?" तर म्हणाले, "नाही. दिव्यांसाठी." त्या दुकानात मला पुन्हा त्यांच्याबरोबर जाववलं नाही.

आणि वायर कुणी ओलांडायची नाही. हा त्यांचा सगळ्यांत कडक नियम. झोपलेल्या माणसाला ओलांडून जात नाहीत, तसं वायरीलाही ओलांडायचं नाही. वळसा घालून जायचं. एका नटाने ऐन तालमीत घाईघाईने ओलांडली. यांनी सगळे दिवे बंद केले आणि अंधारातून म्हणाले, "आता परत उलटा जा." तो उलटा गेला. त्याशिवाय दिवे लागले नाहीत. पुढे आम्हा सगळ्यांच्या पायांनाच ती सवय झाली. मी कॉलेजातसुद्धा संगणकाची वायर आडवी दिसली की वळसा घालायची.

संगणकांशी त्यांचं वाकडं होतं. बँकेत संगणक आले, पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, आणि यांनी पहिल्याच झटक्यात ती घेतली. निरोपाच्या भाषणात म्हणाले, "आता मी अशा ठिकाणी जातो जिथे हाताने काम करतात." आमच्याकडे तेव्हा दांड्यांचा जुना डिमर होता. एकेक दांडी वर सरकवली की एकेक दिवा उजळायचा. दोन्ही हातांची बोटं, कधी कोपर लावून ते दिवे चढवत आणि उतरवत. "दिवा लावायला अक्कल लागत नाही, विझवायला लागते," असं म्हणत. आणि खरंच, त्यांच्या हाताने उतरलेला अंधार कधी आला ते कळायचं नाही. चढवताना मात्र त्यांचा हात अनेकदा सैल सुटायचा. उजेड जास्त व्हायचा. हे त्यांना वहिनींखेरीज कुणी सांगत नसे.

मग संस्थेत नवा दिग्दर्शक आला. तिशीचा, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. राज्यभरच्या एका स्पर्धेसाठी त्याने नाटक घेतलं आणि सीझनभरासाठी एक डिजिटल कंट्रोलर भाड्याने आणला. बरोबर एल. ई. डी.चे नवे दिवे. त्याने खोकं उघडलं आणि म्हणाला, "काका, हे बघा. एकदा प्रोग्राम केलं की बटण दाबायचं फक्त."

"मी तुझा काका नाही," ते म्हणाले. मग खोक्याकडे बघून म्हणाले, "ज्याच्यामुळे बँक सोडली ते इथे स्वागताला उभं."

आठवडाभर त्यांनी त्या यंत्राला हात लावला नाही. मग एके दिवशी त्याचं माहितीपुस्तक घेऊन माझ्या ग्रंथालयात आले. पुस्तक इंग्रजीत होतं आणि इंग्रजी बहुधा चीनमध्ये झालेलं होतं. "तुम्ही वाचा, मी समजून घेतो," म्हणाले. वाचनालयातल्या शांततेत मी हळू आवाजात त्यांना ते वाचून दाखवायची, आणि 'हे काय म्हणायचं असेल?' यावर आम्ही कुजबुजत वाद घालायचो.

जुन्या पद्धतीत प्रत्येक दिव्याची वायर वेगळी, डिमरपर्यंत येणारी. नव्या पद्धतीत कंट्रोलरमधून एकच वायर निघते, पहिल्या दिव्यात जाते, त्यातून निघून दुसऱ्यात, असं करत शेवटपर्यंत. कंट्रोलरचा हुकूम सगळ्या दिव्यांपर्यंत पोचतो. कुणी ऐकायचा ते पत्त्यावरून ठरतं. प्रत्येक दिव्याच्या पाठीवर बारीक खटके असतात, ते वरखाली करून त्याला पत्ता द्यायचा, म्हणजे एक आकडा. नवा दिवा येतो तेव्हा त्याचा पत्ता एक असतो. तो बदलला नाही तर तो पहिल्या दिव्याचा हुकूम आपलाच समजतो.

हे सगळं त्यांना उमगलं तेव्हा ते ग्रंथालयात मोठ्याने हसले. मुलं वळून बघायला लागली. "म्हणजे मंडईच्या मागे, मारुतीच्या समोर, असला पत्ता इथे चालायचा नाही," म्हणाले. "आपल्या लोकांना जड जाणार."

पण पहिली जोडणी त्यांनी स्वतःच चुकवली. ध्वनिवाल्याच्या माइकच्या वायरी या दिव्यांत चपखल बसतात. खुंट्या त्याच, पकड तीच. यांनी त्याच जोडल्या. दिवे हिवताप आल्यासारखे थरथरायला लागले. दिग्दर्शक म्हणाला, "काका, केबल वेगळी लागते बहुतेक. डेटा केबल."

"तुझा प्रोग्राम तपास," हे म्हणाले.

"प्रोग्राम ओके आहे, काका."

"तुमचे सगळे प्रोग्राम ओकेच असतात. बँकेतपण ओकेच होते."

कित्येक तालमी तशाच थरथरत्या उजेडात झाल्या. मग एकदा ते नवी वायर खांद्यावर टाकून आले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "चूक वायरीची होती." चूक यापलीकडे त्यांनी कधी मान्य केली नाही. त्या दिवसापासून मात्र ते यंत्राच्या प्रेमातच पडले. दांड्यांवर जे एकदा होऊन संपायचं, ते आता साठवता येत होतं. ते हाताने दिवा उतरवायचे, मोजायचे, तो वेग यंत्रात साठवायचे, आवडला नाही की पुसून पुन्हा. मी शेजारी संहिता घेऊन बसायची आणि जागा आली की "आता" म्हणायची. प्रॉम्प्टरचं काम रंगमंचाकडून दिव्यांकडे सरकलं होतं.

नाटक एका बाईचं होतं. नवरा घर सोडून गेल्यावर ती मागचं दार लावून घेते आणि नाटकभर उघडत नाही. अगदी शेवटी उघडते आणि बाहेर पडते. त्या दाराबाहेर जमिनीवर यांनी एक दिवा ठेवला होता, ओळीतला शेवटचा. तो सबंध नाटकात एकदाच लागायचा, दार उघडताना. "सकाळ आत आली पाहिजे," ते म्हणायचे. बाकीचं सगळं त्यांनी दिग्दर्शकाशी भांडून, तडजोडी करून केलं. या दिव्याबद्दल एकही शब्द ऐकून घेतला नाही. वहिनींना तालमीला येऊ दिलं नाही. त्यांना फक्त सांगून ठेवलं होतं, "या वेळी प्रयोगाला येच. शेवटचं दार बघ."

पहिल्या फेरीच्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी नेमका तोच दिवा लागेना. भाड्याच्या दुकानातून दुसरा मागवला. तो दुपारी आला. आम्ही नेपथ्य लावत होतो. ते दाराच्या मागे एकटे बसून जोडत होते. वायर रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी पडली होती, नाडीने बांधायची राहिली होती. वायर दिव्यात बसल्याचा खट्ट आवाज मी ऐकला. मग ते दाराच्या चौकटीला टेकलेले दिसले. मान खाली.

दिग्दर्शक म्हणाला, "काका, झालं का?"

उत्तर आलं नाही. रागावले असतील असं आम्हाला वाटलं.

"काका?" तो वायरीपाशी आला आणि थांबला. आम्ही सगळेच तिथे येऊन थांबलो. पलीकडे ते बसलेले, अलीकडे आम्ही, मध्ये वायर. वळसा घालायला वाट नव्हती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नेपथ्य. दिग्दर्शकाने विचारलं, "काका, वायर ओलांडू का?"

हा प्रश्न मी आजही ऐकते. त्याचा आवाज अगदी नम्र होता. आम्ही उत्तराची वाट बघत उभे होतो. नंतर डॉक्टर म्हणाले की त्या थांबण्याने काही फरक पडला नसता, हृदयविकाराचा झटका होता, सगळं क्षणात झालं होतं. डॉक्टरांवर माझा विश्वास आहे. तरी इतकी शिकलेली माणसं एका वायरीच्या अलीकडे उभी राहून परवानगी मागत होती, हे मला अजून खरं वाटत नाही.

इस्पितळात त्यांना ज्या खोलीत ठेवलं तिथे छताला ट्यूब होती. वहिनी आल्या. प्रयोगाला यायची साडी नेसून तयार होत्या, तशाच आल्या. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, आणि तिथल्या कर्मचाऱ्याला म्हणाल्या, "ही ट्यूब बंद करा."

"अहो मॅडम, मग दिसणार कसं?"

"मला माहीत आहे ते कसे दिसतात. बंद करा."

त्याने बंद केली. खिडकीतून आला तेवढ्या उजेडात त्या बसल्या. दिग्दर्शक बाहेर आयोजकांशी फोनवर बोलून आला होता. प्रयोग पुढे ढकलता येणार नव्हता. केला नाही तर संस्था बाद. त्याला हे सांगायचं नव्हतं, पण वहिनींनी विचारलं.

त्या म्हणाल्या, "दिवे लावून झाले होते का त्यांचे?"

"हो काकू. जवळजवळ."

"मग प्रयोग करा. नाहीतर घरी आल्यावर मला ऐकवतील."

वहिनींचा हात त्यांच्या हातावर होता.

कंट्रोलरवर मी बसले, कारण जागा फक्त मला माहीत होत्या. शेजारची खुर्ची रिकामी ठेवावी की काढावी हे मला ठरवता आलं नाही. तिसरी घंटा झाली. मी बटण दाबलं आणि प्रेक्षागृहातला उजेड त्यांच्या वेगाने उतरला. तोच सुरुवातीला रेंगाळणारा, मग एकदम मन घट्ट केल्यासारखा. ते इस्पितळात होते, आणि त्यांचा हात माझ्यासमोर काम करत होता. माझ्या बोटाने दाबलेल्या प्रत्येक बटणानंतर तो हात येत होता. मला रडू आलं नाही. मला भीती वाटली.

पहिला दिवा त्या बाईच्या खुर्चीवरचा. ती एकटी बसली की तो हळूच चढायचा. तो चढला, आणि मागच्या बंद दाराच्या फटीखालून उजेडाची एक रेघ आली. तालमीत ती कधीच नव्हती. खुर्चीवरचा दिवा उतरला, रेघ गेली. पुढच्या वेळी तो चढला, रेघ पुन्हा आली. ती बाई एकटी बसली की दारापलीकडे कुणीतरी दिवा घेऊन उभं. मला काही सुचेना. तिसऱ्यांदा ते झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुपारी आलेल्या दिव्याला वायर जोडून झाली होती, पत्ता द्यायचा राहिला होता. तो पहिल्या दिव्याचे हुकूम ऐकत होता.

शेवट आला. मी बटण दाबलं. तिने दार उघडलं. दाराबाहेरच्या दिव्याच्या खऱ्या पत्त्यावर गेलेला हुकूम ऐकायला तिथे कुणी नव्हतं. दार काळ्या अंधारात उघडलं. ती क्षणभर उंबऱ्यावर थांबली, आणि अंधारात गेली. टाळ्या बऱ्याच उशिराने सुरू झाल्या आणि मग थांबेनात.

प्रकाशयोजनेचं पहिलं बक्षीस त्यांना मिळालं. परीक्षक व्यासपीठावरून बोलले ते त्या रेघेबद्दल आणि त्या अंधाराबद्दलच. असा संयम आपण फार वर्षांत पाहिला नाही, म्हणाले. सभागृह उभं राहिलं. संयम हा शब्द त्यांच्याबद्दल कुणी प्रथमच वापरत होतं, आणि त्या शब्दापर्यंत ते स्वतः पोचलेच नव्हते.

प्रशस्तिपत्र द्यायला मी गेले. वहिनींनी ते टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "दाराचं काय झालं? मला म्हणाले होते, शेवटचं दार बघ."

'छान झालं' म्हणणं सोपं होतं. त्यासाठीच मी जिना चढताना तयारी केली होती. पण तसं म्हटलं असतं तर त्या दाराबाहेर त्यांनी जे केलं होतं ते कायमचं नाहीसं झालं असतं, आणि ते नाहीसं करणारी मी असते. मी सगळं सांगितलं.

वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटलंच. इतकं कमी त्यांना सुचलं नसतं." प्रशस्तिपत्र बाजूला सारून म्हणाल्या, "मला त्यांचं दार बघायचंय."

अंतिम फेरी आली. दिग्दर्शकाला चूक तशीच ठेवायची होती. "मॅडम, लॉजिकल आहे ना? त्याच्यावर तर आपण जिंकलो. आता ती आपली थीम आहे." तो वाईट माणूस नव्हता, त्या दुपारनंतर तोही नीट झोपत नव्हता. शेवटी असं ठरलं की प्रयोगाच्या सकाळी वहिनींना दार दाखवायचं आणि त्या म्हणतील तसं करायचं.

मी दाराच्या मागे बसले आणि डोक्यातल्या पिनेने ते खटके वरखाली केले. वहिनी रिकाम्या प्रेक्षागृहात मधोमध बसल्या. मी कंट्रोलरपाशी आले, शेवटचं बटण दाबलं. दिग्दर्शकाने दार उघडलं.

सगळा रंगमंच उजेडाने भरला. खुर्ची, भिंती, जमिनीवरच्या वायरी, पुढच्या दोन रांगा. आम्ही तिघांनीही डोळ्यांवर हात धरले. तो उजेड उतरेपर्यंत कुणी हललं नाही.

"जास्त झालं," वहिनी म्हणाल्या.

दिग्दर्शकाने सुटकेचा श्वास सोडला. "हो ना काकू? मग तो जुनाच..."

"हेच ठेवा."

"पण तुम्हीच आत्ता म्हणालात, जास्त झालं."

"मी त्यांना म्हटलं असतं, आणि त्यांनी ऐकलं नसतं. तुम्ही कशाला ऐकताय?"

संध्याकाळी दार तसंच उघडलं. परीक्षकांनी नंतर सांगितलं की शेवट भडक झाला, आधीच्या फेरीतली जाण हरवली. आम्हाला काही मिळालं नाही. वहिनी पाचव्या रांगेत होत्या. दार उघडलं तेव्हा त्यांनी डोळ्यांवर हात धरला नाही.

सीझन संपल्यावर कंट्रोलर परत गेला, आणि पुढच्या कुणीतरी आपलं साठवताना त्यातलं पुसलं. संस्था आता नाही. दिग्दर्शक परदेशी असतो. वहिनी वारज्याला मुलीकडे राहतात. पहिल्या फेरीचं प्रशस्तिपत्र त्यांच्याकडे आहे. त्यावर त्यांच्या यजमानांचं नाव आहे, आणि ते ज्याच्यासाठी मिळालं ते त्यांनी केलेलं नव्हतं. त्यांनी जे केलं होतं ते कुठेही शिल्लक नाही.